नाक्यावर ‘जा’ बोलणारा

मिठपाडा, खाडीकाठ, ठाणे
५ मार्च १९५२

प्रिय दादूस,

माझं अक्षर आणि शुद्धलेखन दोन्ही वाईट हाय, त्याची आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. एक ओळ लिहायला मला इतका वेळ लागतो की चुलीवरचा भात खाली लागतो. कालच लागला. तर तू पण हळू वाच.

मी जया. तू गेलास तेव्हा लहान होते, पुढचे दात मोठे. आता सोळा झाले. दात तसेच हायत.

आपल्या पाड्यातला रतन कल्याणला धान्याच्या बाजारात हमाली करतो. त्याने तुला वखारीच्या दारात दांडा घेऊन बसलेला बघितला. येऊन मला बोलला, "तुझा दादूस तिकडं शिंदे हाय, साताऱ्याकडचा. बायको पण तिकडचीच केली, रंगूबाई. तो आपल्यातला आगरी मढवी असल्याचं तिला काय ठाऊक नाय." मी बोलले, तू कोणाला सांगू नको. तो बोलला, मी काय खुळा हाय? म्हणून पत्र टपालात टाकत नाय, त्याच्या हाती देते. वर दौलत नाय, तुझं दुसरं नाव घातलंय. ते लिहिताना हात अडखळला, म्हणून शाई सांडलीय.

आय बरी हाय.

इथपर्यंत लिहून मी पत्र मडक्याखाली ठेवलेलं. आज परत काढलं, कारण ती ओळ खोटी हाय.

मिठावरचा कर उठला त्याला पाच वर्षं होतील. आपल्या मिठाच्या आगराच्या नाक्यावरचे सरकारी शिपाई गेले. चौकीची कौलं लोकांनी नेली, दार नेलं, बाक नेला. नुसता दगडी चौथरा उरलाय. पण बाया अजून तिथे थांबतात, दादूस. काम संपलं की चरातल्या पाण्यात पाय धुतात, पायाच्या चिखलातून सरकारचं मीठ घरी जाऊ नये म्हणून. मग पदर झाडतात, अंबाडा सोडतात, हात वर करतात. समोर कोणी नसतं. एक श्वास थांबतात आणि निघतात. मी तुळसाआत्याला विचारलं, आता कशाला गं?

"पाय धुतलेले बरे. घरात चिखल येत नाय."

"आणि हात वर कशाला?"

"तुला लय प्रश्न पडतात. म्हणून मास्तरने काढली तुला."

मास्तरने नव्हतं काढलं. बापूस वारला म्हणून मी आगरात कामाला गेले. पण मी तिला काय बोलले नाय. मला चार माणसांत बोलता येत नाय, तुला माहीत हाय.

तर बाकीच्या बाया एक श्वास थांबून निघतात. आय निघत नाय. झडती झाल्यावर शिपाई "जा" बोलून सोडायचा ना, ती त्या "जा"साठी उभी राहते. मागच्या हंगामात थोडा वेळ उभी राहायची, मी पदर ओढला की यायची. यंदा येत नाय. बोलते, "सोरला नाय मना अजून." अमावस्येच्या भरतीला पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं. काळुकाकाने आणि मी तिला उचलून आणली. उचलली तरी हात वरच.

दादूस, तू एकदा ये. चौथऱ्यावर उभा राहा आणि तिला "जा" बोल. घरी नको येऊ, जेवू नको, कोणाशी बोलू नको. तेवढंच बोल आणि परत जा.

तुझी बहीण,
जया


२० मार्च १९५२

दादूस,

तू रतनच्या हाती तोंडीच निरोप दिलास. रजा नाय, आणि आयला सांग की नाका कधीच उठला. मी तुझ्या शब्दात सांगितलं. ती चिंबोऱ्या साफ करत होती. मान वर न करता बोलली, "नाका उठला तं मंग त्यो अजून शिंदे कशाला हाय?"

याचं उत्तर मी तुलाच मागते. तुला येत असलं तर कळव.

कल्याण काय विलायतेत नाय. सकाळी निघालास तर दुपारी इथे पोचशील.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आपलं आगर नवीन ठेकेदाराने घेतलंय. पांढरं धोतर, काळी टोपी, छत्री कधी उघडत नाय. त्याने आयला उभी बघितली आणि काळुकाकाला बोलला, "ही बाई इथं बुडून मेली तर पोलीस माझ्या दारात येतील. ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ आहे, तिथं पोचवा. नाहीतर उद्यापासून तुमच्या घरातलं कुणीच कामाला नको."

काळुकाका बोलला, "वेडी नाय ती शेठ. तिला सोडणारा भेटत नाय, एवढंच."

"मग कोण भेटेल तिला? पंचम जॉर्ज?"

सगळे हसले. काळुकाका पण हसला, मग घरी येऊन जेवला नाय. पण पाड्याची बैठक बसली आणि ठरलं. शेठकडे मुदत मागायची आणि वैशाखातल्या आखाजीपर्यंत वाट बघायची. तोपर्यंत आय थांबली नाय तर सणाच्या दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून तिला ठाण्याला नेऊन टाकायचं. तू ते इस्पितळ बघितलंयस. केवढी भिंत हाय त्याला. बापूस त्या वाटेने जायचा तेव्हा मला दुसऱ्या हाताला घ्यायचा. तिथे आयला कोण "जा" बोलणार? ती तिथल्या दाराशी हात वर करून उभी राहील आणि त्यांना वाटेल, हिला आतच राहायचंय.

मी स्वतः करून बघितलं. हसू नको. बापसाची टोपी घातली, चौथऱ्यावर चढले, घसा खाकरला आणि बोलले, "जा." माझा आवाज कसा हाय तुला माहीत हाय, कोंबडीच्या पिल्लासारखा. आयने माझ्याकडे नीट बघितलं.

"कोन रं तू?"

"शिपाई."

"तुजा पट्टा कुटं हाय?"

मी कमरेवर हात ठेवला.

"जा घरी. शिपायाची टिंगल नसते करायची. मार खाशील."

दादूस, तिने मला सोडलं. मी तिला सोडायला गेलेले.

रतनला मी पुन्हा पाठवणार हाय. त्याच्याकडे नुसती मान हलवू नको.

जया


११ एप्रिल १९५२

दादूस,

तुझ्याकडून काय आलं नाय. रतन बोलला, पत्र घेऊन टोपीत ठेवलं आणि पोती मोजायला लागलास. रंगूवहिनी डबा घेऊन आलेली, चांगली दिसते बोलला, हसरी. तिने रतनला पाणी दिलं. तू त्याला "अहो हमाल" बोललास. रतनला त्याचं काय वाटलं नाय. मला वाटलं.

आता मी ते लिहिते जे आपल्या घरात कोणी बोलत नाय. तुला वाटत असेल मी लहान होते, मला काय कळलं नसेल. मी त्या दिवशी बांधावर होते.

मिठाच्या खात्यात आगरी माणूस शिपाई म्हणून घेत नव्हते. वरच्या साहेबांनी कधी काळी कागदावर लिहून ठेवलेलं की ही जात मीठ चोरणारी, यांच्यावर पहारा ठेवायचा, यांना पहाऱ्यावर ठेवायचं नाय. बापूस सांगायचा. तो बोलायचा, आपल्या आजाच्या आजाने बांध घातले, खाडी मागे लोटली, आणि लिहिणाऱ्याने आपल्याला चोर लिहिलं. म्हणून पट्टा लावणारे कायम घाटावरचे नाहीतर उत्तरेकडचे. तुला पट्टा पाहिजे होता. मिठाच्या कोंडीत वाकून पायाला भेगा पडायच्या त्यापेक्षा. तू घाटावरची बोली शिकलास, घरापुढच्या ओट्यावर बसून एकटाच बोलून बघायचास, मी चोरून ऐकायचे. मग शिंदे झालास आणि तुला भाईंदरकडच्या आगरावर लावला. आयने सगळ्यांना सांगितलं, पोरगा मुंबईला गिरणीत हाय.

आणि मग त्या दिवशी साहेब अचानक आपल्या आगरात तपासणीला आला, आणि बरोबर दोन शिपाई भाईंदरचे. त्यातला एक तू.

बाया रांगेत होत्या. सगळ्यांनी तुला ओळखलं. तुळसाआत्याने तुला अंगावर पाजलेलं, तिने पण. एक जण पण बोलली नाय. एकीचा पण चेहरा हलला नाय. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून एवढ्या बाया मातीच्या झालेल्या. आयचा नंबर आला. तिने पाय धुतले, पदर झाडला, हात वर केले. ती तुझ्याकडे बघतच नव्हती, तुझ्या पट्ट्याकडे बघत होती. मला वाटतं तिला तो आवडला.

साहेब बोलला, "शिंदे, ह्या बाईचे केस बघ." तू अंबाडा सोडलास. केसातून खार पडला, चिमूटभर. जन्मभर मिठात वाकणाऱ्या बाईच्या केसातून काय जाईची फुलं पडणार?

साहेब बोलला, "हिला ओळखतोस?"

तू बोललास, "नाही साहेब." चांगलं शुद्ध बोललास.

"मग उभी राहू दे. मी सांगितल्याशिवाय सोडू नको."

साहेब पुढच्या आगराकडे गेला, तुला बरोबर घेऊन गेला. तो सांगायला विसरला. तू पण परत आला नाहीस. तिला कोणी "जा" बोललं नाय. अंधार पडल्यावर बापूस तिला हाताला धरून घेऊन आला. त्या रात्री तिने आमटीत मीठ घातलं नाय आणि आम्ही कोणी मागितलं नाय. अजून ती स्वतःच्या ताटात मीठ घेत नाय. वाण्याकडून आणलेलं पण नाय.

मी हे तुला लाजवायला लिहीत नाय. मी तुझ्या जागी असते तर मी पण "नाही साहेब" बोलले असते. मला तर साहेबाने नाव विचारलं असतं तरी बोलता आलं नसतं. मला एवढंच सांगायचंय की तिला कोणत्याही शिपायाने सोडून चालणार नाय. तिला त्याच शिपायाने सोडायला पाहिजे.

बाया अजून ते बोलत नायत. काळुकाकाने बैठकीत सगळं सांगितलं असतं तर कोणी आयला वेडी बोललं नसतं. पण तो पण बोलला नाय. तुझी नोकरी अजून सांभाळतायत ते, जी तुला आता नाय.

आखाजी जवळ आलीय.

जया


२८ एप्रिल १९५२

दादूस,

काल आखाजी झाली. आज सकाळी गाडी जुंपायची होती. काळुकाकाने बैलांना रात्रीच चारा घातलेला. मी आयचं एक लुगडं आणि फणी फडक्यात बांधून ठेवलेली. तिला सांगितलं नव्हतं.

गाडी जुंपली नाय. का ते तुला माहीत असेल, किंवा नसेल. म्हणूनच लिहिते.

काल सण म्हणून आगरात काम नव्हतं, तरी दुपारी ती आगराकडे गेली. मी पुरणाचं बघत होते, म्हणून मागे गेले नाय. बोलले, भरतीच्या आधी जाऊन आणू. आणि भरतीच्या आधी तीच आली. स्वतःच्या पायांनी. अंगणात आली, केस मोकळे, ते बांधता बांधता बोलली, "जये, पुरन उतू चाललाय तुजा."

मी बोलले, आये, तू आलीस कशी?

"कशी म्हंजे? चालत."

"कोणी सोडलं?"

तिने चुलीपुढे बसून लाकूड आत सारलं. मग सांगितलं. तिने सांगितलं तसंच लिहिते.

"दौलत आयलेला. चौथऱ्यावर नाय चरला, खाली उभा ऱ्हायला, माज्या म्होरं. पट्टा नव्हता. म्हायती हाय का तुना, त्याचं म्होरचं केस गेलंय, बापसासारखा कपाल जालाय. मी बोल्ली, शिपाई, सोर मना. त्यो काय बोललाच नाय. आनि मंग त्यानंच हात वर केलं."

"मग?"

"मंग मी त्याची झरती घेतली."

"तू?"

"मंग कोन घेनार? दुसरा कोन होता थं? खिसं उलटं केलं. टोपी काढून बघितली. कानामागं बघितला. पाय धुवाला लावलं. काय नव्हता त्याच्याकं. कायपन नव्हता, पोरी."

मी विचारलं, रडला का तो?

"हात वर होतं. त्वांड कसा पुसल?"

"आणि मग?"

"मंग मी बोल्ली, जा."

तिने पुरण ढवळलं. बोटाने चाखलं. बोलली, मीठ घाल चिमूटभर, पुरनाला पन लागतंय. माझ्या हातातून भांडं घेऊन तिनेच घातलं.

मी पळत आगराकडे गेले. कोणी नव्हतं. चरापाशी चिखल होता, पण भरती चढत होती, काय दिसलं नाय. तुळसाआत्या बांधावर शेळीसाठी पाला तोडत होती. ती बोलली, दुपारपासून मी इथेच हाय, या वाटेने तुझ्या आयशीशिवाय कोणी आलं नाय. ती एकटीच चौथऱ्यापुढे वाकून वाकून काहीतरी करत होती, मला वाटलं कालवं वेचतेय.

तुळसाआत्याला लांबचं नीट दिसत नाय. हे पण खरं हाय.

मी रतनला विचारलं. सणाला तो घरीच आलेला, कल्याणला नव्हता. तुझी वखार उघडी होती की बंद, त्याला माहीत नाय.

तू मला लिही. मोठं नको. आलेलो, नायतर नाय आलेलो. एवढंच. तू नसलास आलेला तरी मी तुला काय बोलणार नाय. मला फक्त कळायला पाहिजे की ती कोणाला जा बोलली.

जया


१६ मे १९५२

दादूस,

अजून तुझं काय आलं नाय. रतन बोलतो, तुझ्या खुर्चीवर आता दुसराच माणूस बसतो. कोणी बोलतं शिंदे साताऱ्याला गेला, कोणी बोलतं आजारी हाय. रंगूवहिनी पण दिसली नाय. वखारीचा मुकादम पत्र ठेवून घेतो बोलला, म्हणून लिहिते. ते उघडून वाचतील तर वाचू दे. मी या वेळी वर दौलत मढवी लिहिलंय. चुकून नाय लिहिलं.

आय बरी हाय. या वेळी खोटं नाय.

आगरावर एक नवीन झालंय. ठेकेदार रोज बघत होता ना की बाया आपल्या आपण थांबतात, पाय धुतात, हात वर करतात. त्याने नाक्यावर माणूस ठेवला. धोंडीबा नावाचा, घाटावरचा, गरीब हाय बिचारा, उन्हात डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतो. काळुकाका विचारायला गेला, शेठ, कर नाय, सरकार नाय, मग झडती कसली? ठेकेदार बोलला, "माझं मीठ जातं, त्याची. आणि मी काही नवीन करत नाही. तुम्ही स्वतःहून उभे राहता, मी फक्त समोर माणूस बसवला."

काळुकाका बोलला, मग निदान आमच्यातला बसवा. आमच्या पोरांना पण काम नाय.

"तुमच्यातला? तो आत्याला सोडेल, मावशीला सोडेल. जुनी रीत आहे ती, उगीच नसते."

काळुकाकाने तेव्हा काय बोलायला पाहिजे होतं ते तुला पण माहीत हाय आणि मला पण. तो नाय बोलला. मागे फिरला.

पहिल्या संध्याकाळी सगळ्या बाया रांगेत. पाय धुतले, पदर झाडले, अंबाडे सोडले. धोंडीबाच घाबरला. त्याला वाटलं नव्हतं एवढं आपोआप होईल. तो प्रत्येकीला "जा माय, जा माय" बोलत सुटला, नीट बघत पण नव्हता. आयची पाळी आली. ती थांबलीच नाय. पाय पण धुतले नाय. चिखलाच्या पायांनी त्याच्या समोरून चालत गेली, केस बांधलेले, टोपली काखेला.

"ओ मावशी. झडती."

आय मागे न बघता बोलली, "जाली माजी."

तो माझ्याकडे बघायला लागला, की आता काय करू.

दादूस, मी तिच्या मागेच होते. मला पण तसंच जायचं होतं. कर उठला तेव्हा मी पोर होते, माझी कधी कोणी झडती घेतली नाय. एकदा पण नाय. मी मनात ठरवलेलं, नुसतं चालायचं, बोलायचं काय नाय. आणि चौथऱ्यापाशी आले तर माझे पाय चरात. माझा अंबाडा सुटलेला. माझे हात वर. कोणी सांगितलं नाय. मी केले नाय ते, ते झाले. आय पुढे वळणावर गेली, दिसेनाशी झाली. धोंडीबा मला बोलला, जा माय. मी ऐकलं पण. आणि तरी मी उभी होते.

किती वेळ ते नाय लिहीत. मागची बाई खांद्याला लागली तेव्हा निघाले.

घरी आयने विचारलं, उशीर का? मी बोलले, पाय धुत होते. तिने उठून माझे केस विंचरले. लहानपणी विंचरायची तसे, ओढून ओढून.

रोज मी सकाळी ठरवते. रोज संध्याकाळी तेच होतं. मागच्या आठवड्यात तर आयला माझ्यासाठी परत यावं लागलं, वळणावरून. ती समोर येऊन उभी राहिली आणि बोलली, "जा." मी तिला बोलले, आये, तुजा पट्टा कुठाय? आम्ही दोघी हसलो. मग मी रडले. पण तिच्या सांगण्याने मी हलले नाय, दादूस. तिने हाताला धरून आणली.

तू जिथे असशील तिथून मला लिही, त्या दिवशी तू आलेलास का. आधी मला ते आयसाठी पाहिजे होतं. आता माझ्यासाठी पाहिजे. तू खरंच आलेलास, तुझे हात वर झाले, आणि कोणी तुला सोडलं, तर मला सांग ते सुटलं कसं. आणि तू आलाच नव्हतास, तर मग ते एकटीने पण सुटतं. दोन्हीतलं कुठलंही चालेल. नुसतं गप्प नको राहू. आपल्याकडे सगळे गप्पच हायत.

तुळसाआत्याची शेळी आज सकाळी व्याली, तीन करडं. त्यातल्या एकाला एकच कान हाय, पण दूध सगळ्यात जास्त तेच पितं.

जया मढवी